शाळा, घर आणि मधला दुवा

प्राथमिक शाळेतील मूल दिवसाचे पाच-सहा तास वर्गात असते आणि उरलेला वेळ घरी. असे असूनही वर्गात कोणता धडा झाला, गृहपाठ काय दिला, मुलाला काय येते आणि कोठे अडते, हे बहुतेक घरांना ठाऊक नसते. परीक्षेनंतर प्रगतिपुस्तक घरी येते, त्यावर सही किंवा अंगठा उमटतो आणि ते परत जाते. पालकांना कळवण्याचे काम तेवढ्यावर संपले, असे आपण समजतो. हा समज किती अपुरा आहे, हे पाहू.

एक उदाहरण घेऊ. जून २०१९ मध्ये 'बालभारती'च्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रभर गदारोळ झाला. पुस्तकात एकवीस, बावीस या नावांच्या जोडीला 'वीस एक', 'वीस दोन' असे संख्यावाचन दिले होते. विधानसभेतही त्यावर चर्चा झाली. या बदलामागचे कारण साधे होते. 'पंचवीस' म्हणताना आपण पाच आधी उच्चारतो, लिहिताना मात्र दोन आधी लिहितो. म्हणून लहान मुले २५ च्या जागी ५२ लिहून बसतात. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी या पद्धतीची बाजू मांडली. पद्धत योग्य की अयोग्य, हा वाद येथे बाजूला ठेवू. पण कित्येक पालकांना ती गुरुजींकडून कळण्याऐवजी बातम्यांतून कळली. जे आधी समजावून सांगितले जाते त्यावर माणूस विचार करतो. जे अचानक कानावर येते त्यावर तो संतापतो.

असाच प्रकार घरोघरी लहान प्रमाणावर रोज घडतो. ५२ मधून २७ वजा करताना शाळेत दशक सुटा करून घेतात. बाजारात भाजी विकणारी आई मात्र सत्तावीसचे तीस, तिसाचे पन्नास आणि वर दोन, असे मोजून पंचवीस रुपये बिनचूक परत देते. दोन्ही रीती बरोबर आहेत. परंतु शाळेची रीत आईला माहीत नसेल तर ती म्हणते, "असलं कसलं गणित?" आणि आईची रीत शाळेला माहीत नसेल तर मूल समजते, आईला गणित येत नाही. दोन्हींत नुकसान मुलाचेच.

या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगणे, हे त्याने शिक्षकाचे कर्तव्य ठरवले. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, असेही त्यात आहे. पण सभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवली, तर मजुरी करणाऱ्या बाईने यावे कसे? तिची दिवसाची रोजी बुडते. मग कोऱ्या जागी सह्या तेवढ्या गोळा होतात.

दुसरी अडचण अक्षराची. 'अ-२', 'ब-१' या श्रेणी न वाचणाऱ्या आईला काय सांगणार? माझ्या आईने माझ्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर अंगठा उठवला; आत काय लिहिले आहे, ते तिला मीच वाचून दाखवत असे. म्हणजे ज्याची तपासणी व्हायची, त्यानेच अहवाल सांगायचा! पहिलीच पिढी शाळेत जाते अशा घरांत हे आजही चालते.

उपाय अवघड नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला बालशिक्षणाचे काम केले, तेव्हा शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. मूल काय शिकते ते आयांना डोळ्यांनी दिसू लागले. आजही सभा वस्तीवर, कामावरून परतल्यावर घेता येईल. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा गृहपाठ फोनवर येऊ लागला. ती सोय चांगली. पण घरात एकच फोन असेल आणि तो वडिलांबरोबर कामावर जात असेल, तर निरोप रात्रीच पोचतो. शिवाय लिहिलेल्या निरोपापेक्षा बोललेला निरोप सर्वांना कळतो. निरोपात तीनच गोष्टी असाव्यात: या आठवड्यात काय शिकवले, गृहपाठ कोणता व कधीपर्यंत, आणि घरच्यांनी काय करावे.

शिक्षकांवर बोजा आहे, हे खरे. कोठे एकाच गुरुजींकडे दोन-तीन इयत्ता असतात, शिवाय जनगणना आणि निवडणुकीची कामे. म्हणूनच मोठ्या अहवालाची अपेक्षा नाही. आठवड्याला दोन मिनिटांचे बोलणे पुरे.

निरक्षर आईलाही अभ्यास पाहता येतो. मुलाला धडा मोठ्याने वाचायला सांगावा, मग पुस्तक मिटून गोष्ट सांगायला लावावी. तो कोठे अडखळतो, हे ऐकणाऱ्याला बरोबर समजते. मात्र आज कोणता धडा झाला, एवढे तरी तिला कोणीतरी सांगितलेले असले पाहिजे. गुरुजींना वेळ नसेल तेथे गावातल्या आपल्यासारख्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी संध्याकाळी शेजारच्या दोन घरांत ते सांगावे. त्याला पैसा लागत नाही, पदवीही लागत नाही.