हुगळीची खातेवही

विजयादशमीला कोलकात्याच्या बाबूघाटावर दुर्गामूर्ती गंगार्पण होतात. कुमारटुलीत गंगेच्या मातीने घडलेली मूर्ती पुन्हा गंगेकडे जाते. पावसाळा सरलेला, आकाश निवळलेले. अशा शरदातच हुगळीतून नौकेने दक्षिणेकडे निघावे.

१९९२ मध्ये खुला झालेला विद्यासागर सेतू मागे पडतो. खिदिरपूरची गोदी, बजबज सरते. फलता परिसरात दामोदर आणि रूपनारायण येऊन मिळतात. डायमंड हार्बरपाशी पैलतीर धूसर होतो. पाणी मात्र सर्वत्र गढूळच!

हा गाळ म्हणजे नदीची पुंजी आणि बंदराची डोकेदुखी. पात्र उथळ झाल्याने मोठ्या जहाजांना कोलकाता गाठणे अवघड झाले. गाळ वाहून जावा म्हणून गंगेचे पाणी हुगळीत वळवणारा फराक्का बंधारा १९७५ मध्ये कार्यान्वित झाला, तर १९७७ मध्ये समुद्राजवळ हल्दिया गोदी सुरू झाली.

पुढे लागते घोडामारा बेट. येथे प्रवाह आणि भरती मिळून जमीन कापून नेतात. घर-शेत गमावलेल्या अनेक कुटुंबांनी शेजारच्या सागर बेटावर नव्याने संसार मांडला. पण तेथेही कपिलमुनींची पूर्वीची मंदिरे समुद्राने गिळली असून सध्याचे मंदिर १९७० च्या दशकातील आहे.

नदीच्या खातेवहीत एका काठाला जे जमा होते, ते दुसऱ्याच्या नावे पडते. बेटवासी मात्र दरवर्षी बांध घालून, उरलेल्या मातीत पुन्हा भात लावतात. त्यांची सारी ठेव तीच!