नवाबाच्या दुर्बिणीपासून गच्चीवरच्या आरशापर्यंत

पूर्णा-नांदेड मार्गावर चुडावा हे छोटं स्टेशन आहे. गाव परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातलं, अक्षांश साधारण 19. या अक्षांशाचं मोल आकाश बघणाराच जाणतो. नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ लंडन-पॅरिसच्या क्षितिजावर कधी उगवतच नाही. चुडाव्याच्या शिवारातून मे महिन्याच्या रात्री तो दक्षिणेला वीसेक अंश वर चढलेला असतो. नुसत्या डोळ्यांना धुरकट ठिपका दिसतो, साधी द्विनेत्री लावली की कापसाच्या पुंजक्यासारखा फुलतो. असं आकाश आपल्याला फुकट मिळालं आहे. ते बघण्याची हौस मात्र फुकट नव्हती. ती सामान्य माणसाच्या आवाक्यात यायला जवळपास शंभर वर्षं लागली.

परभणी जिल्ह्याला आकाशाचं वेड नवं नाही. पाथरी म्हणजे जुनं पार्थपूर. तिथल्या ज्ञानराजाने 1503च्या सुमारास ‘सिद्धान्तसुंदर’ हा ग्रंथ रचला. पण ती दैवज्ञांच्या घराण्यांची विद्या होती. निव्वळ हौसेपोटी दुर्बीण घेण्याची गोष्ट आपल्याकडे निझामाच्या राज्यात घडली, आणि चुडावा तेव्हा त्याच राज्यात होता. नवाब जफर जंग या उमरावाने ग्रब कंपनीची 15 इंची दुर्बीण परदेशातून आणवली आणि 1901मध्ये हैदराबादजवळ खासगी वेधशाळा थाटली. 1908मध्ये ती सरकारने ताब्यात घेतली. पुढे आंतरराष्ट्रीय तारापटाच्या कामात या निझामिया वेधशाळेने साडेसात लाखांवर ताऱ्यांच्या नोंदी केल्या. एका माणसाच्या हौसेतून एवढं काम उभं राहिलं, याचा मला अभिमान वाटतो. तरीही ही हौस नवाबाची होती. रयतेने त्या भिंगातून काही पाहिलं नाही.

आकाशाच्या छंदाशी जवळचं नातं असलेला दुसरा छंद म्हणजे हौशी रेडिओ. त्याचंही तसंच. जून 1923मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने हौशी प्रक्षेपण केलं, तेव्हा यंत्रसामग्री परवडणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी होती.

चित्र पालटायला सुरुवात झाली ती मंडळांमुळे. 22 ऑगस्ट 1944 रोजी पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी खगोलप्रेमींची ही देशातली सर्वांत जुनी संस्था. तरी खेड्यापाड्यांत आकाशाबद्दल अजून भीतीच होती. फेब्रुवारी 1980च्या सूर्यग्रहणात भरदुपारी रस्ते ओस पडले होते. सहा वर्षांनी हॅलेचा धूमकेतू आला. दिसायला तो फिकाच होता, पण त्याने जी माणसं जोडली ती टिकली. मुंबईचं खगोल मंडळ त्याच सुमारासचं. मुंबईजवळच्या वांगणीला रात्रभर चालणाऱ्या त्यांच्या आकाशदर्शनाने कितीतरी जणांना नक्षत्रांची ओळख करून दिली.

माझ्या मते या सगळ्यांत मोठी गोष्ट घडली ती पुण्याच्या आयुका या खगोल संशोधन संस्थेत. तिथे दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा भरू लागल्या. काचेच्या दोन जाड चकत्या घ्यायच्या, मधे कार्बोरंडमची भरड पूड आणि पाणी. खालची चकती पिंपावर पक्की बसवायची, वरची दोन्ही हातांनी दाबून पुढे-मागे घासायची आणि घासताना पिंपाभोवती फिरत राहायचं. हळूहळू वरची काच खोलगट होते, खालची फुगीर. वरची तीच पुढे दुर्बिणीचा आरसा. मग पूड बारीक, आणखी बारीक. शेवटी डांबरासारख्या पिचवर पॉलिश. चाचणीला एक दिवा आणि दाढीचं पातं पुरतं. पात्याची कड प्रकाशाच्या वाटेत सरकवली की आरशावर सावल्या उमटतात, आणि केसाच्या जाडीच्या शेकडो पटींनी सूक्ष्म असलेला उंचवटाही त्यात उघडा पडतो. हाताने केलेल्या कामात एवढी अचूकता येते, यावर स्वतः आरसा घासल्याशिवाय विश्वास बसत नाही. ज्याला नवाबाची तिजोरी लागत होती, ते आता शिक्षकाच्या पगारात आणि गच्चीवरच्या चार हात जागेत होऊ लागलं.

हॅम, म्हणजे हौशी, रेडिओवाल्यांची वाट जास्त खडतर होती. परीक्षा, पोलीस चौकशी, दिल्लीचा परवाना, मग ‘व्हीयू’ने सुरू होणारं कॉल साइन. वरच्या वर्गाला मोर्स यायलाच हवा होता. त्यामुळे ही माणसं कायम थोडीच राहिली. पण 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा संपर्क जोडायला हीच थोडी माणसं धावली. छंदाचा उपयोग काय, असं विचारणाऱ्याला मराठवाड्यात तरी दुसरं उत्तर द्यावं लागू नये. पुढे त्यांच्यासाठी आकाशातही सोय झाली. 5 मे 2005 रोजी इस्रोने 42.5 किलोचा हॅमसॅट हा उपग्रह सोडला. 22 जून 2016 रोजी पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ गेला. तो किलोभराचाही नव्हता आणि काम होतं हॅम मंडळींचे निरोप पोचवण्याचं.

आकाश आणि रेडिओ या दोन छंदांचं नातं पुणे जिल्ह्यातल्या खोडदला डोळ्यांना दिसतं. गोविंद स्वरूप यांनी उभ्या केलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या तिथे आकाश ‘ऐकतात’. खोडद निवडण्यामागे एक कारण होतं: माणसांनी केलेला रेडिओ-गोंगाट तिथे कमी. शांतता आणि अंधार हे खेड्यांचं भांडवल आहे. मंडळं मात्र शहरांत वाढली, आणि ही विसंगती मला आजही खटकते.

तरी आकाश बघायला मंडळ लागतंच असं नाही. 2 एप्रिल 2022, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास महाराष्ट्राच्या आकाशातून जळत्या तुकड्यांची रांग गेली. उल्का, विमान, क्षेपणास्त्र, ज्याला जे सुचलं ते तो बोलला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरीत सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. तो चिनी अग्निबाणाचा अवशेष असल्याचं लवकरच स्पष्ट झालं. अंगणातल्या आणि शेतातल्या माणसांनी मोबाइलवर टिपलेले व्हिडिओ तोवर सगळीकडे पोचले होते. वेळ आणि दिशा सांगणारी पहिली नोंद त्यांचीच होती, आणि त्यांतल्या बहुतेकांनी कुठल्याही मंडळाचं नावसुद्धा ऐकलं नसेल.