दहा सह्या, सात मते

"चिवड्याचे पोहे आणायला सांगितले, तर हे आमदारकीचे कागद कसले आणलेत?"

सौ.चा प्रश्न रास्त होता. परंतु २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत पुण्यातून अपक्ष उभे राहण्याचे माझे ठरले होते. उभा जन्म इतरांनी केलेल्या कायद्यांवर दिवाणखान्यात टीका करण्यात गेला. म्हटले, एकदा उंबरठा ओलांडून पाहू.

कायद्याची अट भारी नव्हती. वयाची २५ वर्षे पूर्ण हवीत, मतदारयादीत नाव हवे आणि दहा हजार रुपये अनामत. १९५१ च्या कायद्यात हीच रक्कम अडीचशे होती, हे सौ.ला सांगण्याचे मी शिताफीने टाळले. मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र लिहायला तर दहा मिनिटेही लागली नाहीत!

खरी कसोटी पुढेच होती. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला मतदारसंघातले दहा लागतात. "उभे राहाच! आम्ही पाठीशी आहोत," म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना लेखणी पुढे करताच चष्मा सापडेना. कुणाच्या मुलाची बदली अडेल, कुणाचे कर्जप्रकरण. चार दिवस जिने चढून नऊ सह्या जमल्या. दहावी सौ.ने केली. "पैसे बुडाले तर या दिवाळीत साडी नको," एवढेच म्हणाली.

चिन्ह मिळाले कपबशी. घरोघर गेलो. चहा सर्वांनी पाजला!

२४ ऑक्टोबरला निकाल लागला. वैध मतांचा सहावा हिस्सा मिळाला नाही, तर अनामत जप्त होते. माझी झाली. तीन दिवसांवर लक्ष्मीपूजन, अन् लक्ष्मी सरकारजमा!

पुढे केंद्रवार आकडे पाहिले. आमचे दहाही सूचक एकाच केंद्रावरचे. माझे मत धरून अकरा तरी हवीत. होती सात!

रात्रभर मनात नावे मोजली. कोण ते चौघे? सकाळी समोरच्या जिन्यातले सूचक फराळाचे ताट घेऊन आले. विचारावेसे वाटले, पण जीभ आवरली. सही त्यांनी मला उघडपणे दिली होती. मत गुप्त ठेवण्याचा त्यांचा हक्क माझ्या उमेदवारीहून मोठा होता.

सौ.लाही मी अद्याप विचारलेले नाही. मात्र, वाचकहो, उद्या तुमच्या दारी कुणी अपक्ष कागद घेऊन आला, तर मत हवे त्याला द्या. चष्मा तेवढा चटकन सापडू द्या.