वाफेचा हिशेब

पेट्रोल पेट घेते, असे आपण सहज बोलून जातो. वस्तुतः द्रव पेट्रोल कधीच जळत नसते. जळते ती त्याच्या पृष्ठभागावरून उठणारी वाफ. शून्याखाली ४० अंश सेल्सियसच्या आसपासही ही वाफ ठिणगीने पेटण्याइतकी उठते. मग मुंबई-पुण्याच्या हवेत ती अहोरात्र उठत असते, हे वेगळे सांगावयास नको. ती हवेच्या तिप्पट-चौपट जड असल्यामुळे वर निघून जात नाही. जमिनीलगत पसरते, गटारांत आणि तळघरांत उतरते, आणि उगमापासून शेकडो मीटर दूर तिला एखादी ठिणगी भेटते. तेलाच्या साठ्यापासून आपणांस धोका किती, हा प्रश्न म्हणूनच मुळात वाफेचा आहे. आणि तो एकट्या अग्निशामक दलाचा नसून त्या साठ्यांच्या कुशीत वाढलेल्या प्रत्येक शहराचा आहे.

या वाफेचा हिशेब करता येतो, आणि त्याचा पहिला भाग सामान्य वाचकासही समजण्याजोगा आहे. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण शेकडा सुमारे १.४ हून कमी असेल तर मिश्रण पेटत नाही. शेकडा सुमारे ७.६ हून अधिक असेल तरीही पेटत नाही, कारण मग प्राणवायू अपुरा पडतो. धोका या दोन मर्यादांच्या मध्ये आहे. एक लिटर पेट्रोल पुरते उडून गेले तर सुमारे दोनशे लिटर वाफ होते, आणि ती खालच्या मर्यादेपर्यंत विरळ झाली तर सुमारे चौदा घनमीटर हवा ज्वालाग्राही होऊन बसते. दहा फूट लांब, तितकीच रुंद आणि उंच अशी खोली भरून टाकण्यास याप्रमाणे दोन लिटर पेट्रोल पुरे होते. एवढे गणित ज्याच्या ध्यानात आले, त्याला हजार टन पेट्रोल मोकळ्यावर सांडणे म्हणजे काय हे समजण्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही.

ही हजार टनांची गोष्ट काल्पनिक नव्हे. २९ ऑक्टोबर २००९ रोजी सायंकाळी जयपूरच्या सीतापुरा औद्योगिक वसाहतीतील इंडियन ऑईलच्या साठवण केंद्रात एका टाकीतून पेट्रोल पाठविण्याची तयारी चालू असता वाहिनीवरील व्हॉल्व्हपाशी गळती सुरू झाली. तेथील कर्मचारी वाफेनेच हतबल झाले. नियंत्रण-कक्षातून दुरून व्हॉल्व्ह बंद करण्याची योजना होती. परंतु ती चालू स्थितीत नव्हती, असे पुढे एम. बी. लाल समितीच्या चौकशीत आढळून आले. सुमारे पाऊण-एक तास नव्हे, तर तब्बल सव्वा तास पेट्रोल वाहत राहिले. वारा पडलेला होता. सांडलेले सुमारे हजार टन पेट्रोल ढग होऊन केंद्रभर पसरले आणि मग एका ठिणगीने त्याचा स्फोट झाला. अकरा माणसे प्राणास मुकली. टाक्यांना लागलेली आग विझविता येईना, म्हणून ती अकरा दिवस जळू द्यावी लागली.

आणि हे असे घडू शकते याची सूचना जगाला आधीच मिळालेली होती. इंग्लंडमधील बन्सफील्ड येथे ११ डिसेंबर २००५ रोजी पहाटे एका टाकीत पेट्रोल भरले जात असता पातळी दाखविणारा मापक एकाच आकड्यावर अडकून बसला, आणि टाकी भरताच पुरवठा तोडणारा स्वतंत्र स्विचही चालला नाही. अडीच लाख लिटरांहून अधिक पेट्रोल टाकीच्या माथ्यावरून ओसंडले. खाली पडताना त्याचे तुषार झाले आणि वाफ झपाट्याने हवेत मिसळली. त्या दिवशीही वारा नव्हता. सकाळी ६ वाजून १ मिनिटाने झालेल्या स्फोटाने आसपासच्या कचेऱ्यांच्या इमारती मोडून पडल्या. रविवारची पहाट होती म्हणूनच त्रेचाळीस जण जखमी होण्यावर निभावले आणि प्राणहानी टळली.

बन्सफील्डने अभियंत्यांना विचारात पाडले ते मात्र दुसऱ्याच कारणाने. उघड्या जागेवर पेट्रोलच्या वाफेने एवढा दाब निर्माण होणार नाही, फार तर भडका उडेल, अशी तोपर्यंतची समजूत होती. प्रत्यक्षातील दाब अंदाजाच्या अनेक पटींनी अधिक निघाला. रस्त्याकडेच्या झाडाझुडपांच्या दाट रांगांतून जाताना ज्वालेला वेग चढला, हे त्याचे एक प्रमुख कारण ठरले. कुंपणाची झाडे कोणाच्याही हिशेबात नव्हती!

अंदाज बांधण्याच्या रीतींतच हा धडा दडलेला आहे. जुनी रीत अशी की, ढगातील इंधनाचे वजन टीएनटी या स्फोटकाच्या वजनात रूपांतरित करावयाचे. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे दहा किलो टीएनटीइतकी ऊर्जा असते. परंतु तिचा अल्प भागच स्फोटाच्या धक्क्यात उतरतो. हा भाग शेकडा १ धरावा की १०, येथे सारे येऊन ठेपते. शेकडा १ धरून ज्या हानीचे अंतर पाचशे मीटर येते, तेच शेकडा १० धरल्यास हजार मीटरांच्या वर जाते. डच संशोधकांनी पुढे आणलेली रीत अधिक चिकित्सक आहे. ढग केवढा, यापेक्षा तो नळ, यंत्रे व झाडे यांच्या गर्दीत किती सापडला आहे, यास ती महत्त्व देते. पण गर्दी कशास म्हणावयाचे हे ठरविणारा माणूसच असतो. सारांश, नकाशावर काढलेले धोक्याचे वर्तुळ हे निसर्गाने आखलेले नसून ते कोणीतरी काही गोष्टी गृहीत धरून आखलेले असते. आणि ती गृहीते विचारण्याचा अधिकार त्या वर्तुळाच्या आत-बाहेर राहणाऱ्या नागरिकांस असलाच पाहिजे.

आमच्या शहरास हा प्रश्न दूरचा नाही. माहुल-तुर्भे भागात तेलशुद्धीकरणाचे कारखाने १९५४-५५ साली सुरू झाले ते वस्तीपासून दूर म्हणून. पुढे वस्तीच त्यांच्याकडे चालून गेली, आणि खुद्द शासनाने प्रकल्पग्रस्तांच्या बहुमजली इमारती त्यांच्या शेजारी उभारल्या. १९८८ च्या नोव्हेंबरात माहुलच्या कारखान्यातील आगीने तिसांहून अधिक बळी घेतले. ८ ऑगस्ट २०१८ च्या स्फोटात चाळीसहून अधिक कामगार जखमी झाले आणि चेंबूरची घरे हादरली. कारखाना जागच्या जागी असला तरी धोक्याचा अंदाज जागच्या जागी राहत नाही. शेजारी एक इमारत उठली की तो बदलतो. तो पुन्हा मांडला गेला काय, हे कोणी विचारावयाचे?

कायदा नाही, असे म्हणण्यास जागा नाही. भोपाळनंतर १९८९ साली घातक रसायनांविषयी जे नियम झाले, त्यांनुसार मोठ्या साठ्याच्या मालकाने सुरक्षा-अहवाल दिला पाहिजे, आवाराबाहेरील आपत्तीची योजना जिल्हा प्रशासनाजवळ तयार पाहिजे, आणि अपघाताची झळ ज्यांना पोहोचू शकते त्यांना तसे कळविलेही पाहिजे. शेवटचे कलम वाचून या भागातील किती रहिवाशांना आपणांस असे काही कळविण्यात आल्याचे स्मरते, याचे उत्तर त्यांनीच द्यावे.

अशा माहितीने लोक घाबरतील, हा आक्षेप नेहमीचा आहे. आमच्या मते तो खरा नाही. सायरन वाजल्यावर मोटार चालू करावयाची नाही, विजेचे बटण दाबावयाचे नाही, वाऱ्याच्या आडव्या दिशेने चालत उंच जागी जावयाचे, हे ज्याला ठाऊक आहे तो घाबरत नाही. ज्याला काहीच ठाऊक नाही तोच घाबरतो. शिवाय स्वतःची मोटार चालू करून वाफेला ठिणगी पुरविणारा तोच असू शकतो.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक मोठ्या साठ्याभोवतालचे धोक्याचे अंतर, ते ज्या गृहीतांवर काढले त्यांसह, प्रसिद्ध करावे. त्या अंतरात नवी बांधकामे मंजूर करण्यापूर्वी हिशेब नव्याने मांडावा. आणि मुख्य म्हणजे, ढग बनूच नये याची तजवीज करावी. भरलेल्या टाकीचा पुरवठा आपोआप तोडणारी स्वतंत्र यंत्रणा, वाफ हेरणारी उपकरणे आणि दुरून बंद होणारे व्हॉल्व्ह कागदावर नव्हे, तर प्रत्यक्ष चालवून दरवर्षी तपासले पाहिजेत. जयपूर व बन्सफील्ड या दोन्ही ठिकाणी यांपैकी काही साधने होती. ती चालत नव्हती एवढेच. स्फोटाच्या जोराचा अंदाज चुकू शकतो, मोठमोठ्या तज्ज्ञांचाही चुकला आहे. व्हॉल्व्ह बंद होतो की नाही, हे पाहण्यात मात्र अंदाजाचा प्रश्नच येत नाही.