एका बीजाणूची साक्ष पुरत नाही

वणी-चंद्रपूरच्या कोळशाचे वय ठरवताना शंख-शिंपले कामी येत नाहीत. गोंडवन काळातले हे थर नद्या आणि दलदलींत साचले, त्यांत सागरी जीवाश्म जवळपास नाहीतच. म्हणून भिस्त राहते बीजाणू आणि परागकणांवर. नमुन्याचा उघडा पडलेला थर काढून आतला भाग कुटतात. हायड्रोक्लोरिक आम्लाने चुन्याचा अंश जातो, हायड्रोफ्लोरिकने वाळू-मातीतले सिलिकेट. हे दुसरे आम्ल काचही खाते, त्यामुळे भांडी प्लास्टिकची लागतात. कोळशाला आधी नायट्रिक आम्ल आणि मग अल्कली. इतक्या माऱ्यातूनही कण शाबूत राहतात, कारण त्यांचे कवच स्पोरोपोलेनिन या अत्यंत चिवट पदार्थाचे असते. मग सूक्ष्मदर्शकाखाली खरे किचकट काम सुरू होते, ते मोजणीचे. गोंडवनाच्या सर्वांत खालच्या, तालचीरच्या थरांत एकाच पिशवीने वेढलेले परागकण जास्त. त्यावरच्या बाराकारमध्ये दोन पिशव्यांचे, बिनपट्टेदार कण वाढतात, तर आणखी वरच्या राणीगंजमध्ये पट्टेदारांची सद्दी. यातले बरेच प्रकार एकाहून अधिक थरांत सापडतात. थराची ओळख पटते ती त्यांच्या प्रमाणावरून.

माझ्या मते या पद्धतीचा सारा भरवसा या प्रमाणावर आहे, एखाद्या दुर्मीळ कणावर नाही. बाहेरचा कण नमुन्यात शिरतो, जुन्या खडकातून वाहून नव्या थरातही बसतो, हा आक्षेप खराच आहे. बिरबल साहनींसारख्या चिकित्सक संशोधकाने १९४०च्या दशकात पंजाबच्या मिठाच्या डोंगररांगेतील थरांत झाडांचे सूक्ष्म अवशेष पाहिले आणि ते मीठ इओसीन काळातले ठरवले. आज ते कॅम्ब्रियनच्या आसपासचे, म्हणजे जमिनीवर झाडे उगवण्याच्याही फार आधीचे मानतात. ते अवशेष मागाहून शिरले असावेत. पण उपऱ्या कणांची संख्या सहसा थोडी असते, आणि अधिक तापलेल्या खडकातून आलेला कण रंगानेही गडद दिसतो. शेकडो कण मोजले की असे उपरे वेगळे काढता येतात. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: प्रमाण काळामुळे बदलले की केवळ दलदल आटल्यामुळे? कोळशात त्या जागच्याच वनस्पतींचा भरणा असतो, म्हणून कोळशाची तुलना शेल या चिखलाच्या खडकाशी करू नये. शेलची शेलशी करावी, आणि तोच क्रम दुसऱ्या खोऱ्यातही दिसतो का ते पाहावे. एवढे करूनही हाती येतो तो थरांचा क्रम. वर्षांचा आकडा हवा असेल तर ज्वालामुखीच्या राखेतले झिरकॉनसारखे स्फटिक शोधावे लागतात.