सात हजार रुपये उभे राहिले नसते तर...

इतिहासात ‘जर-तर’ला स्थान नसते, असे म्हणतात. तथापि क्रीडाक्षेत्रातील काही क्षण असे असतात की, तेथे पारडे दुसऱ्या बाजूस झुकते तर पुढचे सारेच बदलले असते. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये १९६९ साली ल्यू अल्सिंडॉर हा तरुण खेळाडू कोणत्या संघाकडे जाणार, हे नाणेफेकीने ठरले. फिनिक्सने ‘छापा’ मागितला, ‘काटा’ पडला आणि तो मिलवॉकीला लाभला. हाच पुढे करीम अब्दुल-जब्बार म्हणून विख्यात झाला. मिलवॉकीने १९७१ मध्ये अजिंक्यपद पटकावले.

आपल्या महाराष्ट्रातील असा एक क्षण गहाणखताशी निगडित आहे. कराडजवळील गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले होते. १९५२ च्या हेलसिंकी स्पर्धेपूर्वी मात्र निवडीतच विघ्न आले. एका गुणाने पराभूत ठरविल्यावर त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली आणि फेरलढतीत प्रतिस्पर्ध्यास नमविले. त्यानंतर प्रश्न प्रवासखर्चाचा. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले.

हेलसिंकीत जपानच्या शोहाची इशी यांच्याशी दीर्घ झुंज दिल्यावर पुरेशी विश्रांती न मिळताच खाशाबांना सोव्हिएत मल्लाशी लढावे लागले. ती विश्रांती मिळती, तर पदकाचा रंग कदाचित निराळा असता. तरीही त्यांनी मिळविलेले कांस्य हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत, म्हणजे ४४ वर्षे थांबावे लागले.

बँकेच्या सेवेत जमीन, सोने, गोदामातील माल अशी नाना प्रकारची तारणे माझ्या नजरेखालून गेली. कर्ज देताना आम्ही परतफेडीची क्षमता आधी पाहत असू. त्या निकषावर हे कर्ज कोणी मंजूर केले असते, असे वाटत नाही. कर्ज एकाच्या शिरावर, लाभ दुसऱ्याचा आणि उत्पन्न शून्य! परंतु खाशाबांनी परतल्यावर कुस्त्यांचे फड भरविले आणि त्या मिळकतीतून गुरूंचे घर सोडवून दिले. हिशेब चोख पूर्ण झाला. समाजाच्या खात्यावरील बाकी मात्र राहिली: अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर.

वाचकहो, भिगवण, इंदापूर, बारामतीच्या पेठांत खेळाडूंसाठी वर्गणी मागणारी मुले आजही दुकानाची पायरी चढतात. त्यांतील खाशाबा कोण, हे त्या दिवशी ओळखता येत नाही. खर्डेकरांनाही पदकाची हमी कोणी दिलेली नव्हती.