कडब्यावरचं मेण गायीच्या पोटात

पैठण तालुक्यातलं पाचोड धुळे-सोलापूर महामार्गावर आहे. आसपासच्या शिवारात मोसंबी, कापूस, ऊस दिसतो आणि रब्बीत शाळू. हिरव्या ज्वारीच्या ताटाला वेढून असलेल्या पानाच्या खालच्या भागावर बोट फिरवलं, की पिठासारखी पांढरी भुकटी बोटाला लागते. ती धूळ नव्हे, मेण आहे. उसाच्या पेऱ्यांवरचा पांढुरका पट्टाही मेणाचाच, आणि कोबीच्या पानावर पाण्याचे थेंब ठरत नाहीत तेही मेणामुळेच.

कोरडवाहू पिकासाठी हे मेण फार मोलाचं आहे. ओलावा पानातून उडून जाऊ नये म्हणून वनस्पती ते स्वतःच तयार करते. मग हेच पीक कडबा होऊन गव्हाणीत पडतं तेव्हा त्या मेणाचं काय होतं?

मेणात बरेच पदार्थ एकत्र असतात. ज्वारीच्या भुकटीत लांब साखळीची मेदाम्लं जास्त असतात, तर कोबीच्या मेणात हायड्रोकार्बनचं प्रमाण मोठं असतं. या हायड्रोकार्बनना अल्केन म्हणतात. त्यांत फक्त कार्बन आणि हायड्रोजन, आणि कार्बनची संख्या बहुधा विषम : २७, २९, ३१, ३३. ही साखळी पाण्यात विरघळत नाही आणि तिच्यावर पाचकरसांना पकड घेता येईल अशी जागाही नसते. तेला-तुपाच्या रेणूत तशी जागा असते, म्हणून ते पचतात.

गायीच्या कोठीपोटात असंख्य सूक्ष्मजीव असतात. माणसाला न पचणारा काष्ठतंतू ते आंबवतात, मात्र मेणापुढे त्यांचं फारसं चालत नाही. अल्केन फोडण्याच्या नेहमीच्या पहिल्या पायरीला प्राणवायू लागतो आणि कोठीपोटात तो जवळपास नसतोच. पानावर मेणाचा थर शाबूत असेल तर आतल्या तंतूपर्यंत पोहोचायलाही या जीवांना उशीर लागतो. चावल्यानं किंवा कापल्यानं उघड्या पडलेल्या कडांमधून ते आत शिरतात. कडब्याची कुट्टी करून घालावी, या सल्ल्यामागचं एक कारण हेही आहे. पांढरी भुकटी नसलेल्या ज्वारीची पानं अधिक पचतात, असं अमेरिकेत १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं. पण मराठवाड्यात भुकटी नसलेलं वाण लावायचं म्हणजे पाणी राखणारा थरच गमवायचा. अवर्षणाच्या प्रदेशात हा सौदा परवडणारा नाही.

तरी थोडं मेण शरीरात जातंच. लहान आतड्यात पित्तरस त्याला बारीक थेंबांत विखुरतो आणि त्यातला काही भाग शोषला जातो. साखळी जितकी आखूड, तितकं शोषण अधिक. मग आतड्याच्या आणि यकृताच्या पेशींतली विकरं साखळीच्या टोकाला प्राणवायू जोडतात. त्यातून आधी अल्कोहोल बनतं, पुढे मेदाम्ल. मेदाम्ल झालं, की शरीर त्याला इतर चरबीसारखंच वापरतं. डेविट स्टेटन यांनी १९४३ साली हे उंदरांवर दाखवलं. जड हायड्रोजननं खूण केलेलं १६ कार्बनचं अल्केन त्यांनी उंदरांना चारलं आणि ती खूण पुढे उंदरांच्या शरीरातल्या मेदाम्लांत सापडली. विषम साखळी दोन-दोन कार्बननं तुटत जाते आणि शेवटी तीन कार्बनचा तुकडा उरतो. त्यापासून यकृत साखर बनवू शकतं. अर्थात हा लाभ किरकोळच, मेणावर कोणतंही जनावर पोसलं जात नाही.

खनिज तेलापासून बनणारं लिक्विड पॅराफिन हाही हायड्रोकार्बनच. जनावराचं पोट गच्च झालं, की पशुवैद्य ते पाजतात. ते फारसं शोषलं जात नाही, म्हणूनच आतडं मोकळं करायला उपयोगी पडतं.

आणि न पचण्याचा हाच गुण संशोधकांच्या कामी आला. मोकळ्या रानात चरणारं जनावर दिवसाला किती खातं, हे तोलून बघता येत नाही. स्कॉटलंडमध्ये रॉबर्ट मेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली त्यावर मार्ग मांडला. चाऱ्यात ३३ कार्बनचं अल्केन नैसर्गिकपणे असतं, ३२ कार्बनचं अगदी थोडं. मेंढीला रोज ३२ वालं अल्केन ठरावीक मात्रेत द्यायचं आणि लेंड्यांत दोघांचं प्रमाण बघायचं. दोन्ही साखळ्या जवळपास सारख्याच लांबीच्या, त्यामुळे पोटात दोघींची घटही जवळपास सारखीच होते आणि हिशेबातली चूक एकमेकींत कटते. उरलेल्या गुणोत्तरावरून खाल्लेल्या चाऱ्याचं वजन काढता येतं. कल्पना इतकी साधी आणि इतकी नेमकी, की तिचं कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही.

प्रत्येक वनस्पतीच्या मेणात अल्केनचं मिश्रण वेगळं असतं. म्हणून किती खाल्लं यासोबत काय काय खाल्लं, याचाही अंदाज बांधता येतो. मराठवाड्यातल्या शेळ्या बांधावर, पडीक रानात, बाभळी-बोरीखाली चरतात. दुष्काळात त्या नेमक्या कशावर तगतात, हे कळलं तर चाऱ्याचं नियोजन अंदाजावर सोडावं लागणार नाही. त्यासाठी आधी इथल्या बाभळीच्या, बोरीच्या आणि गवतांच्या मेणाचं मोजमाप हाताशी हवं, तेही ऋतूनुसार, कारण पान जून होत जातं तसं मेणही बदलतं. जिथे अल्केन फार कमी असतात, तिथे लांब साखळीच्या अल्कोहोलांचीही जोड घेतली जाते.